आधी त्याची माणसं विचार

बाळ,

पत्र मिळालं. त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले आहे. "अक्का, तिथल्या मुलांना कोणीच नाही हो."

हैतीतल्या मुलांना कोणीच नाही, हे तुला कोणी सांगितलं? ज्या संस्थेनं सहा महिन्यांसाठी बोलावलंय, तिच्या पत्रकात लिहिलंय म्हणून? अशा पत्रकावर हसणारी मुलं असतात, मागे रंगवलेली भिंत असते. त्या मुलांच्या आया कुठं आहेत, हे मला आजवर एकाही पत्रकात वाचायला मिळालेलं नाही.

तू नर्सिंग केलंस, दोनेक वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या काढल्यास, मग एमएसडब्ल्यू केलंस. तुला सेवेचं महत्त्व मी सांगायला नको, आणि तू धीट आहेस, मायाळू आहेस, हेही लिहीत बसत नाही. तुझी अडचण मला कळली ती अशी. एकीकडे हैतीच्या उत्तरेला, कॅप-हैतियन शहराजवळच्या त्या बालगृहाचं बोलावणं. दुसरीकडे आपल्याच बेळगाव जिल्ह्यात बालसंरक्षण कक्षातली कंत्राटी नोकरी; पगार तुटपुंजा, काम कागदाचं. वडील म्हणतात, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आणि तुला वाटतंय, जिथं पोरांच्या हातात बंदुका देतात तिथं नाही गेलो तर शिकून काय केलं.

जा की नको, ते मागाहून. पण कुठंही गेलीस तरी एक गोष्ट माझ्याकडून घेऊन जा. ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळलीस तरी. मूल समोर आलं की आधी त्याची माणसं विचार. जखम असेल तर बांध, भूक असेल तर खायला दे, ते तुला शिकवलेलंच आहे. पण त्याच तासात विचार: तुझं कोण आहे, ते कुठं असतात, शेवटचं कुठं पाहिलंस. आणि ते लिहून ठेव.

आता तिथलं. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची त्यांच्या राहत्या घरात हत्या झाली. जानेवारी २०२३ मध्ये उरलेल्या सिनेटरांचीही मुदत संपली आणि देशात निवडून आलेलं कोणी उरलं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या टोळ्या एक झाल्या. तुरुंग फोडले, हजारो कैदी बाहेर पडले, विमानतळ अडीच महिने बंद राहिला. शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग त्यांच्या ताब्यात असल्याचं संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी सांगतात. वस्तीमागून वस्ती उठली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कारफू-फेय, पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सोलिनो. घर सोडावं लागलेल्यांचा आकडा २०२५ च्या सुरुवातीला दहा लाखांच्या वर गेला आणि वर्षाच्या मध्यापर्यंत तेरा लाखांच्या जवळ पोचला. त्यात निम्म्याहून जास्त मुलं. सगळा देश सव्वा कोटीच्या आतला, म्हणजे दहा माणसांमागं एक जण घराबाहेर.

ही माणसं गेली कुठं? छावण्यांचे फोटो आपण बघतो. शाळेच्या वर्गात दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले, अंगणात ताडपत्र्या. ते खरंच आहे. पण २०२५ च्या सुरुवातीच्या मोजणीत दर दहातली आठ माणसं कुणाच्या तरी घरी राहत होती. मावशीकडे, चुलत्याकडे, गावाकडच्या आजीकडे, कधी नुसत्या ओळखीवर. बहुतेक सगळी राजधानीबाहेर. दक्षिणेकडच्या ज्या टापूत २०२१ च्या ऑगस्टमधल्या भूकंपानं आधीच घरं पडलेली, तिथंही. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, एका भांड्यात दुप्पट तोंडं. हैतीतली सगळ्यात मोठी मदत ही आहे, आणि तिची पावती कोणी फाडत नाही. अशा देशातल्या मुलांना कोणीच नाही म्हणायचं? मला राग आला तो यामुळे. तुझ्यावर नाही, त्या शब्दांवर. पण ते तुझ्या हातून लिहिले गेले म्हणून तुलाच ऐकावं लागतंय.

हैतीतल्या अनाथालयांत सुमारे ३०,००० मुलं आहेत आणि त्यातल्या साधारण ८० टक्के मुलांची आई किंवा बाप जिवंत आहे, हा अंदाज बालहक्कांचं काम करणारे कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. सातशेच्या वर संस्था, सरकारची मान्यता असलेल्या फार थोड्या. मग आईबाप मूल का देतात? माया कमी असते म्हणून? तिथल्या बहुसंख्य शाळा खासगी आहेत, फी भरल्याशिवाय पोर वर्गात बसत नाही. अनाथालयात फी नाही, जेवण आहे, कपडे आहेत. आई मूल टाकत नाही, शाळेत घालते आहे असं तिला वाटतं. वर्षाची फी आणि महिन्याचं धान्य त्या आईच्या हातात पडलं असतं तर ते मूल तिच्या कुशीतून हललं नसतं. देणगीदाराला मात्र फी भरल्याची पावती दिसते आणि इमारतीवर नावाची पाटी लागते. माणूस पाटीकडं जातो. इमारत झाली की खाटा भरायला मुलं लागतात. मुलं लागली की गावोगाव माणसं फिरतात.

२०१० च्या १२ जानेवारीला पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ भूकंप झाला, तो तुला आठवत नसेल, लहान होतीस. महिनाही झाला नव्हता, तेव्हा अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट चर्चच्या दहा जणांना ३३ मुलं घेऊन डॉमिनिकन रिपब्लिकच्या हद्दीवर अडवलं. अनाथ मुलांना वाचवायला आलोय म्हणाले. चौकशीत निघालं की मुलांना जिवंत पालक आहेत आणि कित्येकांनी शिक्षणाच्या आशेनं स्वतःच पोरं त्यांच्या हवाली केली होती. ती माणसं वाईट हेतूनं आली होती असं मी म्हणत नाही. तुझ्यासारखीच कळवळून आली असतील. पण त्यांनी कोणाची माणसं विचारली नाहीत, आणि विचारली तिथं त्यांना तोडूनच मूल उचललं. २०२० च्या फेब्रुवारीत राजधानीजवळच्या एका अनाथालयाला रात्री आग लागली, १५ मुलं गेली. त्या संस्थेला परवाना नव्हता. वर्षानुवर्षं चालू होती, देणग्या येत होत्या.

तुझी संस्था तशीच आहे असं मी म्हणत नाही. तू विचारलं आहेस का, एवढंच मी विचारते.

तू म्हणशील, अक्काचा हा जुनाच हेका. आहेच. तो कुठून आला ते सांगते.

ऊसतोडीच्या हंगामात संकेश्वरच्या बसस्टँडवर एक पोरगं सापडलं होतं. आपल्या भागातल्या कारखान्यांवर विजयपूरकडून, बीडकडून टोळ्या येतात, तू पाहिल्यास. फडाच्या कडेला कोप्या, पहाटे आईबाप तोडीला, पोरं पाचटात. त्यातलंच एक बैलगाडीमागून चुकलं असेल, नाहीतर वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चढून लांब आलं असेल. त्याला एका संस्थेत पोचवलं गेलं. तिथल्या वहीत लिहिलं, मुलगा, वय अंदाजे पाच. नावही त्यांनीच ठेवलं. पोरगं लमाणी बोलत होतं. तिथं मराठी समजणारे होते, कन्नड समजणारे होते, लमाणी कोणालाच येत नव्हतं, आणि येणारं माणूस शोधावं असं कोणाला वाटलं नाही. दोन मैलांवर कोप्या होत्या! कारखान्याच्या शेती खात्यात मुकादमांची यादी असते, कोणाची टोळी कुठल्या गटात, सगळं असतं. एका सकाळी फिरून आलं असतं कोणी तर आई सापडली असती. माझ्या कानावर आलं तेव्हा पट्टा पडला होता आणि टोळ्या गावाकडं परतल्या होत्या.

तो मुलगा चांगला वाढला. जेवला, शिकला, आज बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. संस्थेनं त्याला उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत गावाचं नाव घालायला नव्हतं. मला म्हणाला, "अक्का, माझं गाव कुठलं असेल हो?" मला काही सांगता आलं नाही. आजही हंगाम सुरू झाला की मी कोप्यांवर जाते, म्हाताऱ्या बायकांना विचारते, तुमच्या तांड्यातलं कुणाचं पोर हरवलं होतं का. लोकांना वाटतं अक्काला टेंट शाळेची पाहणी करायची आहे. मला त्या आईला गाठायचं आहे. ती जिवंत असेल तर अजून शोधत असेल, आणि नसेल तर शोधतच गेली असेल. एवढं सगळं एका ओळीसाठी, जी कोणीतरी पहिल्या दिवशी वहीत लिहायला हवी होती.

म्हणून मला "कोणीच नाही" हे शब्द सहन होत नाहीत.

२०१९ च्या पुराचंही तुला ठाऊक आहे, पण अर्धवट ठाऊक आहे, आणि लोकांनी सांगितलेलं ठाऊक आहे. कृष्णेला पाणी आलं, दूधगंगेला, वेदगंगेला आलं, इकडं घटप्रभा आणि मलप्रभाही भरल्या. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, गावंच्या गावं शाळांतून येऊन बसली. सरकारी पाटीवर काळजी केंद्र, आपल्या तोंडी गंजी केंद्र. तेव्हा एक मोठी मंडळी आली. पूरग्रस्त मुलांना शहरातल्या वसतिगृहात नेतो म्हणाली. इंग्रजी माध्यम, दोन वेळचं जेवण, दहावीपर्यंत सगळा खर्च. पंचायतीचे लोक खूश. आयाही हो म्हणायला लागल्या होत्या, घर चिखलात गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

मी आडवी आले. म्हटलं, हाच पैसा घरटी द्या. पत्रा घाला, भाड्याची खोली घेऊन द्या, पोरांची दप्तरं घ्या, सहा महिन्यांचं धान्य भरा. मूल आईजवळ राहू दे. ते म्हणाले, आमच्या नियमात घराला पैसा बसत नाही, मुलाला बसतो. मी म्हटलं, मग नियम बदला. ते निघून गेले.

त्या गावच्या पंचायत अध्यक्षांनी माझ्याशी बोलणं सोडलं. त्या वर्षी तिथल्या दोन मुलींची शाळा सुटली, एकीचं लग्न वेळेआधी लावलं. अक्कानं नाही म्हटलं म्हणून झालं, असं आजही बोलतात. ते शब्द माझ्या कानाला लागतात, मी खोटं कशाला बोलू? त्या मुलीला भेटायला मी जाते, तिची सासू मला चहा देते, बोलत नाही. पण मला पुन्हा त्या शाळेच्या व्हरांड्यात उभं करा, मी पुन्हा नाही म्हणेन. पुरात घर गेलं, जनावरं गेली, शेतावर वाळू पसरली. त्या वेळी आईकडून पोरही न्यायचं आणि त्याला मदत म्हणायचं? ज्या मुली घरी राहिल्या, त्यांच्या घरांना पैसा मिळाला असता तर एकीचीही शाळा सुटली नसती. तो पैसा होता. देणाऱ्यांच्या हातात होता. तो घराकडं वळला नाही, याचा दोष माझ्या माथी का? वाद घालायला आता समोर कोणी नाही, म्हणून तुझ्याशी घालते आहे.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा हजारो मुलं खेड्यांत पाठवली गेली. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी हॅम्पस्टेडमध्ये अशा मुलांची शुश्रूषागृहं चालवत होत्या. त्यांनी मुलांकडं रोज बघून नोंदी केल्या. बॉम्बच्या आवाजात आईजवळ राहिलेली मुलं पुष्कळ सावरलेली होती. जी सुरक्षित जागी पण आईपासून तुटून राहिली, ती जास्त मोडली. पुढं २००९ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही आहे की संस्था हा शेवटचा उपाय. तू हे परीक्षेला लिहिलं आहेस. मार्क मिळाले म्हणून विसरलीस का?

आता तुझा खरा प्रश्न, मी टाळत नाही. "अक्का, घर टोळीच्या ताब्यातल्या वस्तीत असेल तर मुलाला परत कुठं पाठवणार?" हा प्रश्न चांगला आहे, आणि माझं डोकं त्यावर बराच काळ खर्च झालं आहे.

युनिसेफच्या अंदाजानं टोळ्यांमधली तीस ते पन्नास टक्के माणसं म्हणजे मुलंच. २०२४ पर्यंतच्या एका वर्षात मुलांची भरती ७० टक्क्यांनी वाढली. कोपऱ्यावर उभं राहून पोलीस आले की सांगायचं, निरोप न्यायचे, वसुली करायची, मग बंदूक. मुलींचं काय होतं ते तू नर्स आहेस, मी लिहीत नाही. ही पोरं क्रूर म्हणून जात नाहीत. शाळा बंद, जेवण नाही, नाही म्हटलं तर आईला मारतील. आणि बाहेर पडलं तरी सुटका नाही. २०२३ च्या एप्रिलपासून तिथल्या लोकांनीच टोळीवाले म्हणून संशयितांना रस्त्यात ठार मारायला सुरुवात केली, ज्याला ते बवा काले म्हणतात. अशा गर्दीत बारा वर्षांच्या पोराला कोण विचारणार, तू कोण? जानेवारी २०२४ मध्ये हैती सरकारनं संयुक्त राष्ट्रांशी करार केला की टोळीतून हाती लागलेलं मूल पोलिसांनी बालकल्याणाच्या यंत्रणेकडं द्यायचं. कागदावर चांगलं आहे.

पण अशा मुलालाही माणसं असतात, आणि त्यालाच सगळ्यात जास्त लागतात. आई त्या वस्तीत अडकली असेल तर तिला बाहेर काढून मुलाजवळ आणता येतं का ते बघ. नाही जमलं तर आर्तिबोनीतच्या भातखोऱ्यात आजी आहे का, दक्षिणेला काका आहे का. तेही नसेल तर ओळखीचं, सांभाळ करणारं कुटुंब, आणि त्या कुटुंबाला दर महिन्याला रोख पैसा. तात्पुरता निवारा लागतोच, काही रात्री, काही आठवडे. मी निवाऱ्याच्या विरुद्ध नाही. निवाऱ्यात शोध थांबतो, त्याच्या विरुद्ध आहे. खाट मिळाली, मूल झोपलं, आता घाई कसली, असं सगळ्यांना वाटायला लागतं. तिथं तू घाई कर.

नातेवाईक म्हणजे देव, असं मात्र समजू नकोस. हैतीत गरीब घरची पोरं शिकवतो म्हणून दुसऱ्याच्या घरी ठेवतात आणि ती तिथं राबत राहतात. रेस्तावेक म्हणतात त्यांना, आणि अशी मुलं लाखांत आहेत. आपल्या खानापूर तालुक्यातून मुली गोव्याला, पुण्याला "घरच्यासारखं ठेवतो" म्हणून नेल्या जातात, ते तुझ्याच गल्लीत तू बघितलंस. म्हणून नुसतं पोचवून यायचं नाही. पुन्हा जायचं, न सांगता जायचं. मूल कुठं झोपतं, कोणाच्या आधी जेवतं, शाळेच्या वेळी कुठं असतं. तुझ्या आईला हे शिकवावं लागत नाही, ती दारात उभं राहून ओळखते. तू शिकून ते विसरू नकोस.

पैशाचं थोडक्यात. २०२५ साठी हैतीला ९० कोटी ८० लाख डॉलर लागतील असं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं. ऑगस्ट उजाडला तरी दहा टक्केही आले नव्हते. आणि धान्य बाहेरून ओतून भागत नाही. एकेकाळी तो देश आपला तांदूळ बराचसा आपणच पिकवत होता. १९९५ मध्ये आयात तांदळावरचा कर तीन टक्क्यांवर आणला गेला, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला, आर्तिबोनीतचा शेतकरी बुडाला, आणि गावं सोडून लोक राजधानीच्या झोपड्यांत आले. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढं हे चुकलं असं कबूल केलं. निपाणीच्या तंबाखूवाल्याला भाव पडला की घर कसं फुटतं ते वेगळं सांगावं लागणार नाही. आज टोळ्या आर्तिबोनीतमध्येही शिरल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाँ-साँदे गावात एका पहाटे सत्तरच्या वर माणसं मारली. जागतिक अन्न कार्यक्रम तिथल्या शाळेतल्या जेवणासाठी तिथल्याच शेतकऱ्यांकडून माल घेतो, अशा कामांकडं लक्ष ठेव. शेतकरी गावात टिकला तर आजीचं घर टिकतं, आणि तेच घर तू शोधणार आहेस.

भाषेबद्दल एक. ऑनलाइन फ्रेंच शिकते आहेस म्हणतेस. शीक, कागद त्यात आहेत. पण घराघरात क्रिओल बोलतात, सगळे बोलतात. फ्रेंच थोड्यांना येतं. बेळगावच्या मुलीला हे मी समजावून सांगायचं? दाखला एका भाषेत, आईची हाक दुसऱ्या भाषेत, आणि मधे उभी राहून नाव चुकीचं लिहिलं जाताना बघायचं, हे आपण तीन पिढ्या करतोय. पूरकेंद्रात रजिस्टर कन्नडमध्ये होतं आणि बाई मराठीत आडनाव सांगत होती, तेव्हा मी शेजारी बसून लिहून दिलं, कारण मला दोन्ही येतं. मुलं घाबरली की शिकलेली भाषा आधी जाते. क्रिओल येत नसेल तर ते पोर तुला गावाचं नाव सांगेल आणि तुला कळणार नाही. त्या लमाणी पोरासारखं होईल.

आता तुझ्या दोन वाटा. तू "कागदाचं काम" म्हणून नाक मुरडलंस, ते मला आवडलं नाही. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून विधवेच्या, आजारी बापाच्या मुलाला महिना ४,००० रुपये मिळू शकतात. तो अर्ज कोणीतरी भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, शाळेचं पत्र, मग बालकल्याण समितीपुढं उभं राहायचं, पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या, मागं लागायचं. एक अर्ज मंजूर झाला की एक मूल घरी राहतं. हैतीत जाऊनही, नीट काम करणारी संस्था असेल तर, तुला हेच करायचं आहे: नावं, गावं, नाती, फोन नंबर, पुन्हा भेट. इंजेक्शन द्यायला तिथं परिचारिका आहेत; पुष्कळ जणी जीव वाचवायला देश सोडून गेल्या, तरी ज्या राहिल्यात त्या तुझ्यापेक्षा जास्त जाणतात. आणि सहा महिने लळा लावून निघून येणारी ताई त्या मुलांनी आधीही पाहिली असेल. त्यांना आणखी एक सोडून जाणारं माणूस देऊ नकोस.

तिथं जायचंच असेल तर त्यांना उद्याच लिही. तुमच्याकडच्या किती मुलांच्या पालकांची नावं तुमच्या नोंदीत आहेत? गेल्या वर्षात किती मुलं आपल्या माणसांत परत गेली? गेल्यावर त्या घराला तुम्ही काय देता, आणि किती दिवस? तिथल्या समाजकल्याण संस्थेची मान्यता आहे का, असेल तर कागद पाठवा. कुटुंब शोधणारी माणसं तुमच्याकडं किती, आणि क्रिओल बोलणारी किती? गोड शब्दांत लिही, पण सगळं लिही. उत्तर आलं नाही, किंवा उत्तरात नुसते फोटो आले, तर तिकीट काढू नकोस. चांगलं उत्तर आलं तर मी स्वतः तुझ्या वडिलांशी बोलेन, ते माझं ऐकतात.

आणि उत्तराची वाट बघत बसू नकोस. बालसंरक्षण कक्षाच्या अर्जाची मुदत संपत आली आहे, मी चौकशी केली. अर्ज कन्नडमध्ये भरायचा आहे आणि तुझं लिहिणं अजून कच्चं आहे. रविवारी सकाळच्या खानापूर गाडीनं ये. दहावीचं मार्कशीट, डिग्रीची मूळ प्रत, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो आण. बसून भरू.

तुझी,
अक्का